अश्वमारक कण्हेर आणि घरचें मांजर

गेल्या उन्हाळ्यांत कांहीं कामानिमित्त आम्ही धुळ्यास गेलों होतों. ज्यांच्या घरीं उतरलों, त्यांचें घर पांझरेच्या कांठापासून फारसें दूर नाहीं. अंगणांत तांबड्या कण्हेरीचें एक जुनें, पुरुषभर उंचीचें झुडूप आहे. वैशाखाच्या त्या उन्हांत गुलाब करपून गेले होते, मोगऱ्यानें मान टाकली होती. कण्हेर मात्र फुलांनीं लवली होती. तिच्या सावलींत घरची मांजरी आपल्या तीन पिलांसह दुपारची निजत असे. एके दिवशीं त्यांपैकीं एक पिलूं खालीं पडलेल्या पानाशीं खेळतां खेळतां तें चावूं लागलें. घरांतील आठनऊ वर्षांची मुलगी धांवत आजोबांकडे गेली आणि म्हणाली, "आबा, कण्हेर विषारी असते ना? मग आपलं पिलू मरेल का?" आबांनीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां उत्तर दिलें, "अगं, कण्हेर गुराढोरांना बाधते. मांजर काय गाय आहे?"

मुलीचें समाधान झालें नाहीं. आमचेंहि झालें नाहीं. पिलाच्या तोंडांतलें पान काढून घेतलें आणि पिलूं वांचलें, हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीस लागावयास नको. परंतु आबांचें तें उत्तर आमच्या डोक्यांतून जाईना. तें अज्ञानाचें उत्तर नव्हतें. खानदेशांत कोणाहि जाणत्या माणसास विचारा, कण्हेर विषारी आहे हें तो निःशंकपणें सांगेल. कोणास विषारी, असें विचारलें तर बैल, गाय, शेळी, घोडा आणि माणूस हीं नांवें घेईल. त्या यादींत मांजर येत नाहीं. हें मांजर यादींतून कसें निसटलें, त्याला हें विष बाधत नाहीं म्हणून कीं दुसऱ्या कांहीं कारणानें, याचा थोडा शोध घ्यावा असें आम्हांस वाटलें.

आरंभ नांवापासून करणें बरें. मराठी कण्हेर हा शब्द संस्कृत करवीर शब्दापासून आला आहे. बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणांत, करवीर शब्दांतील रकाराच्या जागीं णकार होतो एवढेंच सांगण्यासाठीं एक स्वतंत्र सूत्र खर्ची पडलें आहे. एका फुलाच्या नांवाकरितां वैयाकरणानें सूत्र रचावें, यावरून तें फूल लोकांच्या तोंडीं किती असले पाहिजे याची कल्पना येते. शब्दाच्या पोटांतून इतिहास काढण्याची विद्या धुळ्यास कांहीं नवी नाहीं. त्या विद्येचे आचार्य वि. का. राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं याच गांवीं देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें राहिलें. चाळीसगांवाजवळ पाटणच्या डोंगरांत कन्हेरगड नांवाचा किल्ला आहे, त्याचाहि संबंध या झुडपाशीं जोडून द्यावा असा मोह आम्हांस क्षणभर झाला. पण नुसत्या नादसादृश्यावर इमले बांधण्याची खोड वाईट. ती आम्ही आवरली.

करवीराचीं जीं पर्यायनांवें कोशांत आढळतात, त्यांत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचें नांव हयमारक हें होय. अमरकोशांत तें आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत स्थावर विषाचीं दहा अधिष्ठानें सांगितलीं आहेत, आणि ज्यांचें विष मुळांत असतें अशा आठ वनस्पतींत अश्वमार हें नांव गुंजेच्या शेजारीं बसलेलें आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें पांढरी व तांबडी असे कण्हेरीचे दोन भेद सांगून ती पोटांत गेल्यास विषाप्रमाणें काम करते असें बजावलें आहे. रसवैद्यांनीं तिला उपविषांच्या वर्गांत घातलें आणि गाईच्या दुधांत शोधन केल्यावांचून औषधांत घेऊं नये असा दंडक घातला. म्हणजे आमच्या पूर्वजांना हें फूल ओळखण्यांत चूक झाली नव्हती. तेंच फूल देवाच्या मस्तकींहि चढत असे आणि वधस्थानीं नेल्या जाणाऱ्या अपराध्याच्या गळ्यांतहि पडत असे. मृच्छकटिकांत चारुदत्तास वधाकडे नेतात तेव्हां त्याच्या गळ्यांत करवीराचीच माळ आहे.

ही घोडा मारण्याची कीर्ति एकट्या संस्कृतांत आहे असें नाहीं. आज धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं असलेलें थाळनेर चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानांची राजधानी होतें. पुढें राजधानी बऱ्हाणपुरास गेली, आणि १६०१ सालीं असीरगड अकबराच्या हातीं पडून तें राज्य संपलें. त्या काळच्या दरबारांची जी फारसी भाषा, तींत कण्हेरीस खरजहरा म्हणतात. खर म्हणजे गाढव आणि जहर म्हणजे विष. आणखी पश्चिमेस जावें तर पहिल्या शतकांतील ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीज सांगतो कीं, हिचीं पानें व फुलें कुत्रीं, गाढवें, खेचरें आणि बहुतेक चतुष्पाद प्राणी यांचा नाश करतात, आणि शेळ्यामेंढ्या तर पानें भिजलेलें पाणी प्यायल्यानेंच मरतात. त्याच शतकांतील रोमन पंडित प्लिनी हाहि गुरें, शेळ्या व मेंढ्या यांचींच नांवें घेतो. दुसऱ्या शतकांत अॅप्युलियसनें गाढव झालेल्या एका माणसाची गोष्ट लिहिली. त्या बिचाऱ्यास माणूस होण्याकरितां गुलाब खावयाचा असतो. लांबून गुलाब म्हणून तो ज्या फुलांकडे धांवतो, तीं जनावरांचा घात करणारीं कण्हेरीचीं निघतात. मनुष्याची बुद्धि शिल्लक असलेलें गाढव तें ओळखतें, हा त्यांतला विनोद.

या सर्व साक्षी एकत्र मांडल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. घोडा आहे, गाढव आहे, खेचर आहे, शेळी आहे, मेंढी आहे, राखणीचा कुत्राहि आहे. ग्रीक वैद्यानें बहुतेक चतुष्पादांना एका वाक्यांत गुंडाळलें, त्यांत मांजर आलें म्हणावें तर आलें. पण नांव घेऊन त्याला कोणीं सांगितलें नाहीं. आमच्या मतें याचें कारण विषांत नसून हिशेबांत आहे. ज्या जनावराच्या मरण्यानें मालकाचें घर बसतें, त्याचें मरण लक्षांत राहातें, त्यावर चर्चा होते, कारण शोधलें जातें आणि शेवटीं त्या विषास त्या जनावराचें नांव मिळतें. मांजर मेलें तर लोक म्हणतात, कांहीं तरी खाल्लें असेल. आणि दुसरें मांजर आपल्या पायांनीं घरांत येतें.

खानदेशच्या अलीकडच्या इतिहासांतहि हाच न्याय चाललेला दिसतो. १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला आणि १९०६ सालीं जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी वांटणी झाली. तेच पुढें जळगांव आणि धुळें. कापसाचा हा मुलूख. येथील शेती बैलाच्या खांद्यावर आणि येथील व्यापार बैलगाडीवर. मुंबई सरकारच्या रासायनिक पृथक्करणाच्या कचेरीकडे संशयास्पद मृत्यूंचा माल तपासणीस जात असे. त्या कचेरीचे एक प्रमुख डॉ. लायन यांनीं १८८९ सालीं हिंदुस्थानाकरितां न्यायवैद्यकाचा ग्रंथ लिहिला. त्या काळच्या अशा ग्रंथांत माणसांच्या खालोखाल जागा आहे ती गुरांना घातलेल्या विषांना. सोमल त्यांत पहिला. गुंजांचें बीं वाटून केलेल्या सुया प्रसिद्धच आहेत. कातड्याच्या लोभानें गुरें मारलीं जातात असें म्हणून सरकारी कागदांनीं एका अख्ख्या जातीवर संशयाचा शिक्का मारला, हा त्यांतला अन्यायाचा भाग येथें नुसता नमूद करून ठेवतों. आपल्या विषयापुरतें एवढेंच कीं, कातड्यास भाव होता म्हणून गुराचें मरण कागदावर आलें. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, तेंहि त्या काळच्या गरजेप्रमाणें घोडा आणि बैल यांच्याकडे पाहूनच.

मांजराचा हिशेब एकदांच मांडला गेला, आणि तो प्रसंग फार बोलका आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उतरला आणि पुढें देशभर पसरला. खानदेशहि त्यांतून सुटला नाहीं. उंदराचा व प्लेगाचा संबंध पटूं लागल्यावर सरकारी वैद्यकीय नोकरींतील लेफ्टनंट कर्नल बुकॅनन यांनीं मांजरांचा पक्ष घेतला. ज्या खेड्यांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें प्रतिपादन करणारा त्यांचा लेख १९०८ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत छापून आला. मांजर उपयोगी ठरतांच तें मोजलें जाऊं लागलें! प्लेग ओसरला आणि मोजणी थांबली. आपल्या देशांत १९१९ सालापासून ठराविक वर्षांनीं पशुगणना होत आली आहे. २०१९ सालच्या विसाव्या गणनेंत कुत्र्यांना, सशांना, फार काय हत्तींनाहि जागा आहे; मांजराला नाहीं. जें मोजलें जात नाहीं, त्याच्या मृत्यूचें कारण कोण शोधणार?

येथें कोणी म्हणेल कीं धर्मानें तर मांजराची दाद घेतली होती. खरें आहे. मांजर मारलें तर सोन्याचें मांजर करून दान द्यावें लागतें, हें आमच्या आज्या सांगत आणि त्या धाकानें पुष्कळ मुलांचे दगड हातांतल्या हातांत राहिले. मनुस्मृतींतहि मार्जारहत्येस प्रायश्चित्त सांगितलें आहे. परंतु हें प्रायश्चित्त मारणाऱ्यास. अंगणांत कण्हेर लावणाऱ्यास नव्हे. नकळत झालेला अपघात धर्मशास्त्राच्याहि चिमटींतून सुटला.

आतां खुद्द विषाकडे वळूं. कण्हेरीच्या पानांत, फुलांत, सालींत, मुळांत, किंबहुना सर्वांगांत ओलिअँड्रिन व त्याच्या जातीचीं द्रव्यें असतात. १७८५ सालीं विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें डिजिटॅलिस नांवाच्या फुलझाडाचा हृदयरोगावरील गुण प्रसिद्ध केला. त्या डिजिटॅलिसांतील द्रव्यें आणि कण्हेरींतील द्रव्यें एकाच कुळींतलीं. हृदयाच्या पेशी सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आंत घेत असतात, आणि या अखंड देवघेवीवर हृदयाचा ठोका अवलंबून असतो. कण्हेरीचें विष ही देवघेवच अडवून धरतें. मग लाळ गळते, वांती होते, पोट बिघडतें, अंगांतील त्राण जातें, नाडी मंद किंवा अनियमित होते आणि शेवटीं हृदय थांबतें. ही पेशींची रचना घोड्यांत आहे, माणसांत आहे आणि मांजरांतहि आहे. मांजराला वेगळें काळीज दिलेलें नाहीं. तेव्हां आबांच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, मांजर गाय नाहीं हें खरें, पण कण्हेर त्यालाहि विषच आहे. १९७८ सालीं अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत प्राण्यांच्या विषबाधेविषयीं सल्ला देणारें केंद्र निघालें, तें आतां ज्या संस्थेकडे आहे तिच्या यादींत कण्हेरीपुढें घोडा, कुत्रा आणि मांजर हीं तिन्ही नांवें स्पष्ट लिहिलेलीं आहेत.

आबांच्या बाजूनें एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मांजर मांसाहारी, कडू पानाचा फडशा तें गुरासारखा पाडणार नाहीं. त्यामुळें कण्हेरीनें मेलेलीं मांजरें थोडीं आणि मेलेलीं गुरें फार, हा अनुभव खोटा नव्हे. परंतु मांजरहि गवत खातें, हें ज्यानें मांजर पाळलें त्यास सांगावयास नको. पिलें तर दिसेल त्यास दांत लावतात. जीं मांजरें आज जळगांवच्या किंवा धुळ्याच्या वरच्या मजल्यावरील सदनिकेंत कोंडलेलीं असतात, त्यांना गवत मिळत नाहीं. मिळतात त्या सज्जांतल्या कुंड्या. शिवाय वाळलेल्या पानांतलें विष जात नाहीं, आणि फुलदाणींतल्या पाण्यांतहि तें उतरतें. शेळ्यामेंढ्यांविषयींचें त्या ग्रीक वैद्याचें म्हणणें येथें आठवावें. एवढ्याशा देहास थोडेंहि पुष्कळ होतें.

तांबडी व पांढरी कण्हेर ह्या एकाच वनस्पतीच्या दोन जाती. पिवळी कण्हेर, जिला कांहीं ठिकाणीं बिट्टी म्हणतात, ती मात्र निराळी. तिचें मूळ घर उष्ण कटिबंधांतील अमेरिका. लिनीअसनें १७५३ सालीं तिला यमद्वारींच्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून पडलेल्या सेर्बेरा या कुळांत घातलें. नांवाचा दुसरा भाग सोळाव्या शतकांत ब्राझीलला जाऊन आलेल्या आंद्रे थेवे या फ्रेंच संन्याशाचा. अर्थात् सुश्रुतास किंवा अमरसिंहास ही ठाऊक असणें शक्यच नव्हतें. समुद्रापलीकडून आलेल्या या झाडास आमच्या लोकांनीं कोणाला न विचारतां कण्हेर म्हटलें. फूल घंटेसारखें, फळ त्रिकोणी गुठळीसारखें. रूप जुन्या कण्हेरीशीं तंतोतंत जुळत नाहीं. तरी नांव अचूक पडलें. दोन्ही झाडें एकाच कुटुंबांतलीं आहेत, आणि पिवळीच्या बियांतील थेवेटिन हेंहि हृदयावरच जाणारें विष आहे. कण्हेर म्हटल्याबरोबर आई मुलाला हात धुवावयास सांगते, ती खबरदारी नांवाबरोबर परक्या झाडासहि आपोआप लागू झाली. परकें झाड आणि जुनें नांव यांची अशी सोयरीक आम्हांस फार कौतुकाची वाटते.

नेमका याच्या उलट प्रकार लिली या नांवाचा झाला आहे, आणि तो अधिक घातक आहे. आपल्या बागांत पहिल्या पावसाबरोबर उगवणारी लहान गुलाबी किंवा पांढरी लिली, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची पांढरी लिली, चेंडूसारखा लाल गुच्छ येणारी लिली, ह्या सर्व लसूणकांद्याच्या नात्यांतल्या. यांचे कांदे मांजराच्या पोटांत गेले तर वांती होते, कधीं प्रकृति बरीच बिघडतेहि. सातपुड्यांत पावसाळ्यांत फुलणारी कळलावी, तिलाहि इंग्रजींत लिलीच म्हणतात. ती अत्यंत विषारी, पण खड्यानाग या नांवानेंच आपले लोक तिच्यापासून दूर राहातात. खरी लिली या कोणाहून वेगळी. ती खानदेशच्या मातींत रुळली नाहीं. थंड प्रदेशांत वाढवून, बर्फांत जपून, लग्नसमारंभाच्या पुष्पगुच्छांतून ती आपल्या दिवाणखान्यांत येते. तिचें पान, पाकळी, अंगावर पडून चाटला गेलेला पराग, फुलदाणींतलें पाणी, यांपैकीं कांहींहि मांजराच्या पोटांत गेलें तर दोनतीन दिवसांत त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. कुत्र्यास असें होत नाहीं. हजारों वर्षें माणसानें हें फूल उराशीं धरलें, आणि हें सत्य पशुवैद्यांच्या लक्षांत आलें केव्हां, तर १९९० च्या सुमारास! त्यांतलें नेमकें द्रव्य कोणतें, हें अद्यापि निश्चित झालेलें नाहीं. ज्यानें अंगणांतली लिली मांजराशेजारीं वर्षानुवर्षें पाहिली, तो गुच्छांतली लिलीहि निर्धास्तपणें मेजावर ठेवील, कारण नांव एकच. घोड्याच्या विषाला दोन हजार वर्षांपूर्वीं नांव मिळालें होतें. मांजराच्या विषाला तें परवां मिळालें.

मग कण्हेर उपटून टाकावी काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. पारा पंचेचाळिसाच्या घरांत जाणाऱ्या या मुलखांत, पाण्याच्या दोन तांब्यांवर चैत्रापासून आषाढापर्यंत फुलणारीं झाडें कितीशीं आहेत? ओढ्याच्या कोरड्या पात्रांत जी जगते, तिला अंगणांत जड कांहींच नाहीं. मोठ्या रस्त्यांच्या दुभाजकांत तिला मुद्दाम लावतात, कारण मोकाट गुरें तिला तोंड लावीत नाहींत. म्हणजे तिचें विषच तेथें तिचें राखणदार झालें आहे. हव्या त्या घरीं कण्हेर असावी, पण छाटलेल्या फांद्या अंगणांत पडूं देऊं नयेत, त्या जाळूंहि नयेत, कारण धूरहि बाधतो. आणि मांजरानें पान खाल्ल्याचा संशय येतांच दूध, मीठ, तूप असले घरगुती प्रयोग न करतां त्यास, आणि त्याबरोबर त्या पानासहि, पशुवैद्याकडे न्यावें. दुधांतलें शोधन हें कण्हेरीच्या मुळाचें आहे, मांजराच्या पोटाचें नव्हे.

आम्ही हें सर्व एके रात्रीं जेवणानंतर आबांस सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. फक्त घोड्याचें नांव कोशांत आहे काय, एवढें पुन्हां विचारून घेतलें. सकाळीं उठून पाहातों तों ते स्वतः कोयता घेऊन कण्हेरीच्या खालच्या फांद्या कमरेइतक्या उंचीपर्यंत छाटीत होते, आणि नात टोपलींत पानें वेंचून परसांत खणलेल्या खड्ड्यांत नेऊन टाकीत होती. झुडपाखालची सावली गेली. त्या दुपारीं मांजरीनें आपलीं पिलें एकेक करून तोंडांत धरलीं आणि कडुनिंबाखालीं नेऊन ठेवलीं.